मलावीतलं मच्छरदाणी वाटप आणि चर्चची मिशन ट्रिप

नगरची_लेक

परदेशातल्या स्वयंसेवेच्या धाग्यावर चर्चच्या मिशन ट्रिपचा विषय निघाला होता. तिथे अवांतर नको म्हणून वेगळा धागा काढतेय.

मी मूळ नगरची, मराठी ख्रिस्ती घरातली. नर्स आहे, सध्या अमेरिकेत असते. आमच्या इथल्या मंडळीचे, म्हणजे चर्चचे, गट मलावीच्या दक्षिणेला चिक्वावा जिल्ह्यात मच्छरदाणी वाटपाच्या कामाला जातात, त्यांच्याबरोबर मी गेले आहे. अशा ट्रिपबद्दल एक तर चर्चमधला भारावलेला स्लाइड शो बघायला मिळतो, नाही तर "हे सगळं पर्यटनच" असं म्हणून विषय मिटवला जातो. दोन्हीकडे ते गाव आणि तिथली माणसं राहूनच जातात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ब्लँटायर शहर हजारेक मीटर उंचीवर आहे. तिथून रस्ता वळणं घेत घाट उतरतो आणि शिरे नदीच्या खोऱ्यात येतो. खाली आलं की हवाच वेगळी. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पारा चाळिशीपार. न्चालोच्या बाजूला उसाचे मळे आणि त्यांचे पाट, पुढे नदीकाठची दलदल. पाऊस लागला की एप्रिलपर्यंत साचलेलं पाणी हटत नाही. मलेरिया तिथे वर्षभर असतो, पावसाळ्यात उसळतो.

मिशन हॉस्पिटलचा बालविभाग त्या दिवसांत बघावा. एका खाटेवर दोन-दोन मुलं. हिमोग्लोबिन तीन-चारवर आलेलं, ओठ आणि तळवे पांढरेफटक. मलेरियावरचं आर्टेसुनेटचं इंजेक्शन देतात, रक्त मिळालं तर चढवतात. आया बाहेरच्या शेडमध्ये चूल मांडून मक्याची न्सिमा रांधतात, कारण पेशंटचं जेवण नातेवाइकांनीच करायचं असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ साली जगात मलेरियाने ५ लाख ९७ हजार माणसं गेली. त्यातली ९५ टक्के आफ्रिकेत, आणि तिथल्या मृतांमध्ये दर चारांत तीन पाच वर्षांखालची मुलं. मी नर्स आहे, आकडे रोज बघते. पण हा आकडा त्या वॉर्डात उभं राहिल्यावर नुसता आकडा राहत नाही.

आता वाटपाबद्दल. आम्ही पोचतो त्याच्या किती तरी आधी काम सुरू झालेलं असतं. मलावीत प्रत्येक भागाला सरकारी आरोग्य कर्मचारी असतो, त्याला तिथे एचएसए म्हणतात. आपल्या आशाताई आणि आरोग्यसेवक यांच्या मधलं पद समजा. तो सायकलवरून घरोघर फिरून रजिस्टर करतो : घरात माणसं किती, झोपायच्या जागा किती. दोन माणसांमागे एक मच्छरदाणी हा हिशोब. यादी गावच्या प्रमुखासमोर वाचली जाते, कुणाचं नाव राहिलं तर तिथेच ओरड होते. वाटपाच्या दिवशी शाळेच्या मैदानात आंब्याखाली टेबल लागतं, गठ्ठे फुटतात, नाव पुकारलं की माणूस येतो, सही किंवा अंगठा. मच्छरदाणीचं प्लास्टिकचं वेष्टण तिथेच फाडून ठेवून घेतात, म्हणजे ती कोरी म्हणून बाजारात जात नाही आणि गावात कचराही होत नाही. आम्हा पाहुण्यांकडे कामं म्हणजे वेष्टणं फाडणं, गठ्ठे मोजणं, रांगेतल्या म्हाताऱ्यांना सावलीत बसवणं. रजिस्टर आणि पेन एचएसएच्या हातात. हे असंच असलं पाहिजे.

पण मला लिहायचंय ते त्यानंतरच्या कामाबद्दल. नवी मच्छरदाणी आधी सावलीत दिवसभर पसरून ठेवावी लागते, नाही तर तिच्यातल्या डास मारणाऱ्या औषधाने चेहरा चुरचुरतो. मग टांगणं. घर मातीच्या भिंतींचं, वर गवताचं छप्पर, आत एकच खोली. खाट नाही, चटई. त्याच खोलीत दिवसा मक्याची पोती, भांडी, कोंबडीची टोपली, सायकल. मच्छरदाणी चौकोनी, तिला चार कोपऱ्यांत चार आधार लागतात, आणि धुराने काळ्या झालेल्या वाशांना खिळा ठोकला तर भुगा पडतो. एका घरात चार मुलांची आई होती. यजमान मंडळीतली म्वानोची, म्हणजे तिथल्या प्रेस्बिटेरियन महिला मंडळाची, एक वयस्क बाई आमच्याबरोबर होती. तिने जुन्या चितेंजेची, म्हणजे तिथल्या बायका कमरेला गुंडाळतात त्या कापडाची, किनार टराटरा फाडून चार पट्ट्या केल्या, आम्हाला दोन कोपरे धरायला लावले, स्वतः पोत्यावर चढून वाशाला पट्टी अशी गुंडाळली की गाठ ओढली की सुटते. दिवसा मच्छरदाणी वर गुंडाळायची, रात्री सोडायची, कडा चटईखाली खोचायच्या. मग त्या आईला स्वतः दोनदा सोडायला-बांधायला लावलं. मुलं आडवी झोपतात की उभी, पाय बाहेर येतात का, हेसुद्धा मुलांना प्रत्यक्ष झोपवून बघितलं. पुढच्या महिन्यात ही बाई परत त्या घरी जाते. पावसात पुन्हा जाते.

माझं ठाम मत असं की मिशन ट्रिपचा जीव या बाईत आहे. आमच्या गटाने तिच्या हाताखाली काम केलं तर आमच्या जाण्याला अर्थ, नाही तर नाही.

प्रश्न विचारा, माहीत आहे तेवढं सांगेन.

शंकेखोर

ताई, प्रामाणिक लिहिलंय, आवडलं. तरी विचारतोच. अमेरिकेहून मलावीचं तिकीट दीड-दोन हजार डॉलर. मच्छरदाणी दोन-तीन डॉलरला पडते म्हणतात. म्हणजे एका माणसाच्या तिकिटात सहा-सातशे मच्छरदाण्या. मग माणसं न्यायचीच कशाला? दुसरं, फुकट मिळालेल्या वस्तूची किंमत राहत नाही. आणि तिसरं, बाहेरून फुकट माल ओतला की तिथला मच्छरदाणी शिवणारा बसला घरी.

दूरची_वाट

वाचतेय. ती जुन्या लुगड्याच्या पट्टीसारखी गाठ डोळ्यांसमोर आली.

नगरची_लेक

शंकेखोर, तिन्ही प्रश्न रास्त आहेत. उलट क्रमाने घेते.

औषध असलेली मच्छरदाणी गावात शिवता येत नाही. काहींत पॉलिथिलीनचा धागा ओढतानाच त्यात परमेथ्रिन मिसळलेलं असतं, काहींत पॉलिएस्टरवर डेल्टामेथ्रिनचा लेप असतो. म्हणूनच ती धुऊनही टिकते. हे कारखान्याचं काम आहे. आणि तो कारखाना आफ्रिकेतही आहे : टांझानियात अरुशाला २००३ पासून जपानी तंत्रज्ञानाने अशा मच्छरदाण्या बनतात, हजारो माणसं तिथे कामाला आहेत. खरेदी तिथून झाली तर उत्तमच.

फुकटच्या वस्तूला किंमत नसते, हे मलाही पटायचं, आपल्याकडे ते सगळेच म्हणतात. पण पश्चिम केनियात गर्भवती बायकांच्या तपासणी केंद्रांत याची रीतसर चाचणी झाली, २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. काही केंद्रांत मच्छरदाणी फुकट, काहींत थोडे पैसे. किंमत शून्यावरून फक्त ६० सेंटवर नेली तर घेणाऱ्यांचं प्रमाण ६० टक्के अंकांनी खाली आलं. ज्यांना फुकट मिळाली त्यांनी ती कमी वापरली असंही दिसलं नाही. ज्या बाईच्या हातात महिनाअखेर साबणालाच पैसे नाहीत तिच्यासाठी ६० सेंट ही मोठी रक्कम आहे. २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही हीच दिशा घेतली : फुकट किंवा जवळपास फुकट द्या, आणि फक्त बाळं-गर्भवतींना नाही, सगळ्यांना द्या.

तिकिटाचा प्रश्न सगळ्यात खरा. तुमच्याकडे फक्त दोन हजार डॉलर असतील आणि मच्छरदाणी की तिकीट असा पर्याय असेल, तर मच्छरदाणी. बाकी काही बोलायचं नाही. म्हणून आमच्याकडे आता नियम आहे की प्रवास ज्याचा त्याने खिशातून करायचा, मच्छरदाणीसाठी जमलेल्या निधीतला पैसा तिकिटाला लागणार नाही. आणि गट लहान. जे जातात त्यांनी परत येऊन वर्षानुवर्षं निधी जमवला पाहिजे, यजमान मंडळीशी पत्रव्यवहार ठेवला पाहिजे. हे होतंसुद्धा. अमेरिकेतल्या युनायटेड मेथडिस्ट चर्चने २००६ पासून "नथिंग बट नेट्स" मोहिमेत भाग घेतला, २०१० पासून स्वतःची "इमॅजिन नो मलेरिया" मोहीम चालवली आणि कोट्यवधी डॉलर उभे केले. हा पैसा विमानात बसणाऱ्यांनी नाही, रविवारच्या दानपेटीत टाकणाऱ्यांनी दिला.

शंकेखोर

प्रवास स्वखर्चाने हा मुद्दा पटला. केनियाची चाचणी माहीत नव्हती, धन्यवाद.

गोदाकाठ

थेट विचारते, राग मानू नये. मच्छरदाणीबरोबर बायबलही दिलं जातं का? आपल्याकडे या विषयावर लोकांच्या मनात संशय असतो आणि तो उगाच असतो असं नाही.

नगरची_लेक

राग कसला, विचारायलाच हवं.

मलावीत २०१८ च्या जनगणनेनुसार ७७ टक्के लोक आधीच ख्रिस्ती आहेत. प्रेस्बिटेरियन मंडळ्या तिथे दीडशे वर्षांपासूनच्या आहेत, कॅथलिक सव्वाशे वर्षांपासूनच्या, पाळक म्हणजे धर्मगुरू तिथलेच. चिक्वावात जाऊन कुणाला ख्रिस्ताची ओळख करून द्यायची गरज नाही, माझ्यापेक्षा त्यांचं पाठांतर चांगलं आहे. मलावी सरोवराच्या दक्षिण टोकाला मांगोची भागात याओ लोक बहुतांश मुसलमान आहेत. तिथेही यादी तीच, हिशोब तोच, दोन माणसांमागे एक.

आमच्यासारखे लोक प्रार्थना करतात का? करतो. सकाळी निघण्याआधी आणि रात्री परतल्यावर, आपल्या मुक्कामाच्या जागी. रविवारी उपासनेला बसतो. वाटपाच्या रांगेत मात्र प्रार्थना, पत्रकं, भाषण काही नाही. १९९४ मध्ये रेडक्रॉस आणि मदतसंस्थांनी आचारसंहिता केली, तिच्यात स्पष्ट आहे की मदतीचा उपयोग राजकीय किंवा धार्मिक मताच्या प्रसारासाठी करायचा नाही. कित्येक ख्रिस्ती संस्थांनी तिच्यावर सह्या केल्या आहेत. मी यापुढे जाऊन म्हणेन की तापाने फणफणलेलं मूल कडेवर असलेल्या आईसमोर अट ठेवणं हे माझ्या श्रद्धेलाच बट्टा लावणारं आहे. जो गट मच्छरदाणीला अट जोडतो त्याच्याबरोबर जाऊ नका, तो आमच्यापैकी असला तरी.

धर्माचा चांगला उपयोग कसा होतो तेही सांगते. नायजेरियात इमाम आणि पाळक यांना एकत्र बसवून मलेरियाचं प्रशिक्षण दिलं गेलं. शुक्रवारच्या नमाजानंतर आणि रविवारच्या उपासनेनंतर दोघांनी आपापल्या लोकांना एकच सांगायचं : रात्री मुलांना मच्छरदाणीत झोपवा. गावात माणसं आठवड्याला एका ठिकाणी जमतात ती तिथेच.

गोदाकाठ

सविस्तर उत्तराबद्दल आभार. शेवटचा मुद्दा विशेष आवडला.

निवृत्त_हिवताप

ताई, मी गडचिरोलीत हिवताप विभागात नोकरी केली. एटापल्ली, भामरागड, धानोरा हा सगळा भाग पायाखालचा. लोकसंख्येच्या मानाने महाराष्ट्रातला सगळ्यात जास्त मलेरिया आमच्याकडेच. तुमचं वाचून आमचेच टोले, म्हणजे पाडे, आठवले.

आमचा अनुभव सांगतो. मच्छरदाणी वाटणं एका दिवसाचं काम, वापर वाढवायला दोन-तीन पावसाळे लागतात. उन्हाळ्यात माणूस अंगणात झोपतो. धान कापणीच्या वेळी शेतातल्या मचाणावर, मोह वेचायच्या दिवसांत जंगलात. मच्छरदाणी घरात टांगलेली आणि माणूस बाहेर. आम्ही सुरुवातीला घरात बघून "टांगली आहे" अशी खूण करायचो. पुढे पहाटे जायला लागलो, तेव्हा खरं कळलं. दुसरं, ताई, लोक धुतात फार. नवी गोष्ट मळली की नदीवर नेऊन दगडावर आपटायची आणि कडक उन्हात वाळवायची. औषध लवकर उतरतं.

तिथे काय करता यावर? आणि ताप आलेल्याच्या रक्ताची तपासणी गावातच होते का? मच्छरदाणी आणि तपासणी-औषध हे बैलगाडीच्या दोन चाकांसारखं आहे, एकावर गाडी चालत नाही.

नगरची_लेक

काका, तुमच्यासारखं माणूस या धाग्यावर आलं याचा फार आनंद झाला.

बाहेर झोपण्याचा प्रश्न तिथेही आहे. खालच्या शिरे खोऱ्यात पावसाआधीच्या उकाड्यात लोक अंगणातच चटई टाकतात. म्वानोच्या बायका अंगणात चार बांबू रोवून मच्छरदाणी लावायला शिकवतात. सकाळी काढून घडी घालायची. सगळे करत नाहीत. अंत्यविधीच्या रात्री सगळं गाव उघड्यावर बसतं, त्याला तर उपाय नाही. धुण्याबद्दल सांगणं एकच : साध्या साबणाने, बादलीत, हलक्या हाताने, सावलीत वाळवा. नदीत धुऊ नका, औषध माशांना मारतं.

तपासणी गावात होते. बोटातून थेंबभर रक्त, पंधरा-वीस मिनिटांत निकाल. पॉझिटिव्ह आलं की आर्टेमेथर-लुमेफँट्रिनच्या गोळ्या, तिथे सगळे त्याला "एलए" म्हणतात. अडचण साठ्याची. पाऊस जोरात असताना आणि पूल वाहून गेलेला असताना गोळ्या संपतात.

तुम्ही पहाटे जाऊन बघायचात, हे मी आमच्या गटाला सांगणार आहे.

ब्लँटायरचा_पाव्हणा

मी नोकरीनिमित्त ब्लँटायरला आहे. ताईंनी लिहिलेलं चिक्वावा तंतोतंत आहे. काही गोष्टी जोडतो.

मच्छरदाणीने मासेमारी होते, हे खरं आहे. मलावी सरोवराच्या काठी गेलात तर शिवून शिवून मोठं केलेलं मच्छरदाणीचं जाळं सहज दिसतं. भोकं इतकी बारीक की माशांची पिल्लंसुद्धा सुटत नाहीत. उसिपा नावाचे बोटाएवढे मासे वाळत घालतात त्यावरही मच्छरदाणीच पांघरलेली. परसातल्या रोपांवर, कोंबड्यांच्या खुराड्याला, सगळीकडे. पण जवळ जाऊन बघितलं तर बहुतेक जुन्या, फाटक्या, औषध संपलेल्या असतात. कागदावर मच्छरदाणीचं आयुष्य तीन वर्षं, चुलीच्या ठिणग्या आणि उंदरांच्या घरात दोन वर्षंही निघत नाहीत. नवी येईपर्यंत माणूस जुनीचं काही तरी करणारच. मात्र भुकेच्या महिन्यांत, जानेवारी-फेब्रुवारीत, घरातला मका संपलेला असताना, नवीसुद्धा पाण्यात जाते. त्या बापाला दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. मुलाला आज खायला घालायचं की महिन्याने येणाऱ्या तापापासून वाचवायचं, असा तो हिशोब आहे.

मार्च २०२३ मध्ये फ्रेडी चक्रीवादळ आलं तेव्हा मी इथेच होतो. चिलोब्वेची डोंगरउतार वस्ती चिखलाखाली गेली. दक्षिण मलावीत पाच लाखांहून जास्त लोक बेघर झाले, खाली न्सांजे-चिक्वावात गावंच्या गावं पाण्यात. शाळांमध्ये छावण्या, घरातल्या मच्छरदाण्या वाहून गेलेल्या आणि चहूकडे साचलेलं पाणी. त्या वेळी पहिले पोचले ते जवळच्या चर्चचे आणि मशिदीचे लोक, कारण ते तिथेच राहत होते.

आणि २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेने परदेशी मदत थांबवली, तिचा धक्का मलेरियाच्या कामालाही बसला. अशा वेळी दानपेटीतले पैसे किती महत्त्वाचे ते इथे राहून कळतं.

जुनी_पानं

शिरे नदीचं नाव वाचलं आणि राहवलं नाही. मिशन आणि मलेरिया यांची गाठ याच नदीवर पडली आहे.

मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टनच्या हाकेला ओ देऊन युनिव्हर्सिटीज मिशनचे बिशप मॅकेन्झी या भागात आले. शिरे आणि रुओ नद्यांच्या संगमाजवळ त्यांची होडी उलटली आणि औषधांची पेटी गेली, क्विनाइनसकट. ३१ जानेवारी १८६२ ला तापाने ते तिथेच गेले. तीन महिन्यांनी, २७ एप्रिलला, खाली झांबेझीच्या काठी शुपांगाला लिव्हिंगस्टनची पत्नी मेरी तापानेच गेली. १८७५ मध्ये स्कॉटिश लोकांनी मलावी सरोवराच्या काठी केप मॅक्लियरला लिव्हिंगस्टोनिया मिशन सुरू केलं. तिथे इतकी माणसं दगावली की १८८१ मध्ये बांडावेला हलावं लागलं, तिथेही ताप सुटेना म्हणून १८९४ मध्ये सरोवरापासून वर पठारावर. केप मॅक्लियरला त्यांच्या कबरी आजही आहेत.

या सगळ्या काळात कुणालाच माहीत नव्हतं की हे डासामुळे होतं. दलदलीची हवा बाधते असं समजत. रोनाल्ड रॉसला सिकंदराबादेत डासाच्या पोटात परजीवी सापडला तो ऑगस्ट १८९७ मध्ये. मिशन पठारावर गेलं त्यानंतर तीन वर्षांनी. उंचावर ताप कमी, एवढं त्यांनी माणसं पुरून शिकलेलं होतं.

मला यात लक्षात ठेवावंसं वाटतं ते असं : मिशनरी पठारावर जाऊ शकले. खाली नदीकाठी ज्यांची शेती होती ते तिथेच राहिले, आणि त्यांची नावं कुठल्या दगडावर नाहीत.

नगरची_लेक

जुनी_पानं, तुमचं शेवटचं वाक्य आमच्या गटाच्या तयारीच्या बैठकीत वाचून दाखवणार, परवानगी गृहीत धरते. आजही तेच आहे. आम्ही जाण्याआधीपासून परत आल्यावरही रोज मलेरिया प्रतिबंधक गोळी घेतो, ताप आला तर विमानाने बाहेर पडू शकतो. गावातल्या बाळाला ती गोळी नाही, त्याच्याजवळ आहे ती मच्छरदाणी.

किडेमाकोडे

कीटकशास्त्र शिकवतो, म्हणून एक महत्त्वाची भर.

कुठली मच्छरदाणी वाटता ते आधी बघा. जुन्या प्रकारात फक्त पायरेथ्रॉइड गटातलं औषध असतं. आफ्रिकेतले मलेरिया पसरवणारे अॅनॉफिलिस डास, मलावीत विशेषतः फ्युनेस्टस जातीचे, त्याला सरावले आहेत. मच्छरदाणीवर बसतात आणि उडून जातात. अडथळा म्हणून ती तरीही उपयोगी आहे, पण फाटली की संपलं. यावर आधी पायपेरोनिल ब्युटॉक्साइड मिसळलेल्या मच्छरदाण्या आल्या. हे रसायन डासाची औषध पचवण्याची ताकद मोडतं. आता क्लोरफेनापिर हे वेगळ्या तऱ्हेने मारणारं दुसरं औषध जोडलेल्या आहेत, जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२३ मध्ये त्यांची शिफारस केली. किंमत थोडी जास्त. एखाद्या मंडळीने निधी जमवून स्वस्तात जुन्या प्रकारच्या मच्छरदाण्या घेऊन सुटकेसमधून नेल्या तर हेतू चांगला असूनही त्या गावाचं पूर्ण भलं होत नाही. कुठल्या जिल्ह्यात कुठली हे त्या देशाचा मलेरिया विभाग ठरवतो, त्यांच्याकडे डासांच्या चाचण्या असतात.

मच्छरदाण्यांनी काय साधलं तेही सांगायला हवं. २००० ते २०१५ या काळात आफ्रिकेत मलेरियाची जी अंदाजे ६६ कोटी प्रकरणं टळली, त्यातली ६८ टक्के मच्छरदाण्यांमुळे, असा ऑक्सफर्डच्या गटाचा अभ्यास आहे. इतक्या साध्या वस्तूने इतकं काम केल्याची उदाहरणं सार्वजनिक आरोग्यात कमी आहेत.

जाता जाता : तमिळनाडूतलं करूर हे अशा मच्छरदाण्यांचं मोठं केंद्र आहे. आफ्रिकेत टांगलेल्या कित्येक मच्छरदाण्यांचा धागा तिथला.

शंकेखोर

करूरचं वाचून बरं वाटलं. आणि लस? पुण्याच्या सीरमची मलेरियाची लस आली ना? मग मच्छरदाणी हळूहळू बंद होईल का?

किडेमाकोडे

आली, पण मच्छरदाणी बंद होणार नाही. पहिली लस आरटीएस,एस. तिचं पथदर्शी लसीकरण २३ एप्रिल २०१९ ला मलावीतूनच सुरू झालं. दुसरी आर२१, ऑक्सफर्डची, बनवते पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिला जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस मिळाली आणि जुलै २०२४ पासून आयव्हरी कोस्टमध्ये ती मुलांना द्यायला लागले. चार डोस लागतात, संरक्षण काळाबरोबर उतरतं आणि ती लहान मुलांनाच दिली जाते. गर्भवती बाई, म्हातारी आजी, शाळेतली पोरं यांना मच्छरदाणीच.

निवृत्त_हिवताप

+१. आमच्या काळात ही लस असती तर, असं वाटून जातं.

वसईकरीण

सगळा धागा एका दमात वाचला. आम्ही वसईचे कॅथलिक. आमच्या युवक गटात अशीच टूम निघाली आहे, एका संस्थेमार्फत पूर्व आफ्रिकेत जायचं. मुलं हौशी आहेत, मनापासून आहेत, पण पुढे काय विचारायचं ते आम्हा मोठ्यांनाच कळत नाही. ताई, संस्थेला नेमकं काय विचारू?

नगरची_लेक

वसईकरीण, मुलांची हौस मोडू नका, तिला वळण द्या.

पहिलं विचारा की यादी कुणाची. जिल्हा आरोग्य कार्यालयाच्या रजिस्टरवरून वाटप होणार असेल तर पुढे बोला. "आम्ही गावात जाऊन गरजूंना देतो" असं उत्तर आलं तर थांबा, कारण तिथे अर्ध्या गावाला दोनदा मिळतं आणि अर्धं गाव कोरडं राहतं, वर भांडणं. मग विचारा मच्छरदाणी कुठल्या प्रकारची आणि ती कुणी ठरवली. किडेमाकोडे यांनी लिहिलंय ते त्यांना दाखवा. तुम्ही परतल्यावर त्या घरांत कोण जाणार, हे नावानिशी विचारा. अँग्लिकन मंडळ्यांचा "नेट्सफॉरलाइफ" हा कार्यक्रम २००६ पासून आफ्रिकेतल्या अनेक देशांत चालला, त्याचा सगळा भर यावरच होता : गावातलेच स्वयंसेवक शिकवायचे, त्यांनी टांगून द्यायची, महिन्यांनी परत जाऊन बघायचं. मलावीत मिशन हॉस्पिटलांची ख्रिश्चन हेल्थ असोसिएशन देशातल्या आरोग्यसेवेचा जवळपास तिसरा हिस्सा सांभाळते, तिथला बहुतेक पगार सरकार देतं. म्हणजे चर्च आणि सरकार हातात हात घालून काम करतात तिथे. तुमच्या संस्थेचं तिथल्या आरोग्य खात्याशी असं नातं आहे का बघा.

फोटोंबद्दल कडक राहा. आईला विचारल्याशिवाय मुलाचा फोटो नाही, आजारी मुलाचा तर कधीच नाही. वसईत तुमच्या पोराचा असा फोटो कुणी काढून लावला तर चालेल का, एवढंच मुलांना विचारा.

आणि तुमच्याच राज्यात गडचिरोली आहे. काकांना विचारून बघा.

निवृत्त_हिवताप

वसईताई, अवश्य या. पण जिल्हा हिवताप कार्यालयाला आधी पत्र द्या, स्वतःहून मच्छरदाण्या आणू नका, सरकारकडून येतात. मला विचाराल तर जून लागायच्या आत या, पावसात नाल्यांना पूर आला की टोले तुटतात. तरुण पोरांना पहाटेची फेरी जमण्यासारखी आहे. भाषेसाठी गोंडी-माडिया बोलणारी आशाताई बरोबर लागेल, तिच्याशिवाय दार उघडलं जात नाही. खर्च फार नाही, राहायची सोय साधी.

वसईकरीण

काका, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. रविवारी युवक गटासमोर दोन्ही गोष्टी ठेवते : आफ्रिकेसाठी या वर्षी फक्त निधी जमवायचा, मच्छरदाणीसाठीच आणि त्यातला रुपयाही प्रवासाला नाही; आणि मे महिन्यात ज्यांना जमेल त्यांनी गडचिरोली. ताई, तुमच्या यजमान मंडळीला थेट निधी पाठवता येतो का, की जिल्हा कार्यालयामार्फत?

नगरची_लेक

मच्छरदाण्या जिल्ह्याच्या मोहिमेतून येतात, त्या वेगळ्या घेऊ नका. म्वानोच्या बायकांना मात्र पुढच्या फेऱ्यांसाठी पैसे लागतात : सायकल दुरुस्ती, सुतळी, फाटलेली मच्छरदाणी शिवायला सुई-दोरा, पावसात गमबूट. हा खर्च कुठलीच मोठी संस्था देत नाही. भारतातून परदेशी पैसे पाठवायचे नियम बँकेत आधी विचारून घ्या, तोवर मी तिथल्या पाळकांना लिहून त्यांना या पावसासाठी काय हवंय ते विचारते आणि इथेच टाकते.